मामांच्या फोनचं बिल

आमच्या कॉलेजच्या शिपाई मामांनी मला विकलेला फोन चोरीचा नव्हता. हे मला बिलासकट कळलं, आणि मी ते दाबून ठेवलं. बायकोला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, ऑफिसात तर नाहीच. या गोष्टीला आता तीन वर्षं होतील.

नावं लिहीत नाही. मामांचं नाव माझ्यामुळे आधीच पुरेसं चघळलं गेलंय, ते आणखी एकदा कागदावर नको. माझं मात्र लिहायला हवं होतं, हे कळतं. तेवढं धैर्य अजून झालेलं नाही.

मी पेठेतल्या एका ज्युनिअर कॉलेजात हेडक्लार्क आहे. क्लार्कला भाऊसाहेब म्हणायचं आणि शिपायाला मामा, ही आमच्याकडची रीत. नाती अशी सगळी जोडलेली असतात, पगारपत्रकापुरती. पावतीशिवाय मी खडूचा खोकासुद्धा आत घेत नाही, अशी माझी ख्याती. शेजारच्या टेबलावरचे माझे सहकारी नव्या माणसाला सांगतात, ‘भाऊसाहेबांसमोर श्वास सोडायचा असेल तर आधी घेतल्याची पावती दाखवा.’ मला हे ऐकायला आवडायचं.

मामा चौदा वर्षं हंगामी होते. मांजरी गावाहून येऊन सकाळी पावणेसातला ऑफिस उघडायचे. त्या वर्षी संस्थेने तीन हंगामी शिपायांना कायम करण्याचा प्रस्ताव मागवला, आणि आमच्या कॉलेजकडून जी नावं जायची होती त्यात मामांचं पहिलं होतं. प्रस्ताव मीच टाइप केला होता. मी त्यांना म्हणालोसुद्धा, ‘मामा, पेढे कधी?’ तर म्हणाले, ‘आर्डर हातात पडू द्या भाऊसाहेब. चौदा वर्सं कागद बघतोय मी. कागदाचं काय खरं न्हाई.’

त्याच आठवड्यात मी चहा पिताना कुणाशी तरी बोलत होतो, की मुलगी बारावीला गेली, क्लासचे व्हिडिओ बघायला तिला वेगळा फोन हवाय, आणि नव्या फोनच्या किमती बघवत नाहीत. मामा कप गोळा करत होते. सगळे उठल्यावर थांबले.

‘पोरीचा एक हाय. लग्न ठरलं न्हवं का तिचं, जावयानं नवा घेऊन दिलाय. हा पडूनच हाय. जपून वापरलेला हाय, काचंवर वरखडा न्हाई.’

‘बिल आहे का?’

‘असंल की घरात. बघतो.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन आणला. धुतलेल्या रुमालात बांधून आणला होता. ‘पोरीनं सगळं पुसून दिलंय. कोरा हाय आता.’ बिल नव्हतं. लग्नघरात पेट्या उघडायला सवड नाही, पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाले. आणि मी, खडूच्या खोक्याला पावती मागणारा, साडेपाच हजार मोजून मोकळा झालो. बाजारभावापेक्षा निम्म्याने स्वस्त मिळत होता, हे एक. दुसरं म्हणजे, बिल येईपर्यंत थांबलो तर मामा दुसऱ्या कुणाला देतील असं वाटलं.

घरी वारज्याला आल्यावर पहिलं खोटं बोललो. बायकोला सांगितलं की ओळखीच्या दुकानातून घेतला. शिपायाकडून घेतला म्हटलं असतं तर ती काही रागावली नसती, फक्त ‘हो का?’ म्हणाली असती. तिचं ते ‘हो का’ मला नको होतं.

रविवारी सकाळी मुलीने फोन चालू केला. भाषा निवडली, घरचं वायफाय जोडलं, मग पडद्यावर एक ओळ आली: या फोनवर आधी वापरलेलं खातं आणि पासवर्ड टाका. तिने मागे जाऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच.

‘बाबा, हा लॉक्ड आहे.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे आधीच्या ओनरचा पासवर्ड टाकल्याशिवाय चालणार नाही. चोरीचे फोन असेच असतात. कुठून आणलात?’ आणि हसायला लागली. ‘उद्या पोलीस येतील हं. मी सांगणार, मी ओळखत नाही यांना.’

बायको पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, ‘अहो, पावती असेल ना. यांच्याकडे लग्नातल्या बँडवाल्याची पावतीसुद्धा आहे.’

‘आहे,’ मी म्हणालो. दुसरं खोटं.

 मला एवढंच सुचलं, की फोन आपल्या वायफायला जोडला गेला, म्हणजे तो कुठे आहे हे कुणाला तरी कळलं असणार. मी जाऊन राउटरचं बटण बंद केलं. मुलगी ओरडली, तिचं काहीतरी डाउनलोड होत होतं. मी फोन बंद करून जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि कपाटात स्वेटरांच्या मागे ठेवला. दुपारभर जिन्यात पावलं वाजली की मी कान देत होतो. इस्त्रीवाला आला तर मी दार उघडायला गेलोच नाही. चोरीचा माल विकत घेणाराही गुन्हेगार असतो, हे मी कधीतरी पेपरात वाचलेलं होतं. हेडक्लार्कला पकडलं तर निलंबन, मग चौकशी, मग पेन्शन. हा सगळा क्रम मला पाठ होता, कारण दुसऱ्यांच्या अशा फायली मीच चालवल्या होत्या.

एक गोष्ट आता लिहितो, जी लिहायला या तीन वर्षांत जड गेली. हाच फोन मी स्टाफरूममधल्या एखाद्या सरांकडून घेतला असता, तर सोमवारी हसत हसत म्हणालो असतो, ‘सर, पासवर्ड द्यायला विसरलात वाटतं.’ मामांच्या बाबतीत ‘विसरले’ हा शब्द डोक्यात आलाच नाही. मुलीने गमतीत टाकलेला शब्दच आला आणि तिथेच बसला. मामा बौद्ध आहेत. त्यांच्या घरी मी गेलो आहे, त्यांच्या पंगतीला जेवलो आहे, आणि त्या बाबतीत आपलं मन स्वच्छ आहे असं समजत आलो आहे. मग संशय इतक्या झटकन का आला? याचं उत्तर शोधायला बसलो की जे हाती लागतं ते मला आवडत नाही.

सोमवारी मामांना बाजूला घेतलं. पासवर्ड विचारला. त्यांनी लगेच मुलीला फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि म्हणाले, ‘पोरगी म्हणती, तसलं काय नव्हतंच. बोट लावलं की उघडायचा.’

‘अहो मामा, खातं असतं प्रत्येक फोनला. ईमेल.’

‘तिला विचारलं. ती म्हणती, मी कधी ईमेल केलाच न्हाई कुणाला.’

‘आणि बिल?’

‘सापडंना झालंय, भाऊसाहेब. घर सगळं पाव्हण्यांनी भरलंय.’ मग म्हणाले, ‘द्या इकडं फोन. आमच्याकडं दुकानवाल्याला दाखवतो. नाय झालं तर तुमचं पैसं परत.’

इथे सगळं मिटत होतं. फोन द्यायचा, पैसे घ्यायचे. पण मला वाटलं, फोन हातातून गेला तर माझ्याकडे काहीच राहणार नाही. उद्या पोलिसांनी मामांना धरलं आणि त्यांनी माझं नाव घेतलं, तर मी काय दाखवणार? ‘ठेवतो माझ्याकडे, बघतो,’ असं मी म्हणालो. आणि टेबलाशी बसून जन्मभर जे करत आलो तेच केलं. लेखी दिलं.

प्राचार्या मॅडमच्या नावे अर्धं पान. ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या महाविद्यालयातील हंगामी शिपाई यांच्याकडून अधोस्वाक्षरीकाराने खरेदी केलेला भ्रमणध्वनी संच कुलूपबंद असून त्याच्या मालकीबाबत संशय निर्माण झाला आहे. सदर बाब केवळ माहितीस्तव.’ चोरी हा शब्द मी कुठेही वापरला नाही. तो न वापरताही काम होतं, हे मला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलेलं होतं. मॅडमना तोंडी सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, ‘बसा दोघं, काय ते मिटवा.’ पण तोंडी सांगितल्याला तारीख नसते. मला तारीख हवी होती. म्हणून मी तो कागद आवक नोंदवहीत चढवला, क्रमांक टाकला, विषयाच्या रकान्यात लिहिलं: हंगामी शिपाई, भ्रमणध्वनी संच, संशय. पाकिटावर ‘गोपनीय’ लिहिलं. आवक नोंदवही मात्र दिवसातून दहा माणसं उघडतात.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॉलेजभर झालं. माझे सहकारी डबा उघडताना म्हणाले, ‘भाऊसाहेब, घड्याळ काढून आत ठेवू का? नाही, मामा पाणी आणायला आलेत म्हणून विचारतो.’ मामा दारात जग घेऊन उभे होते. मी भेंडीची भाजी बाजूला काढत होतो. त्या भाजीकडे मी जितकं लक्ष देऊन बघितलं, तितकं आयुष्यात कुठल्या भाजीकडे बघितलं नसेल.

तीनला मॅडमनी त्यांना बोलावलं. मलाही बसायला सांगितलं.

‘मामा, फोनचं बिल आहे का तुमच्याकडे?’

‘हुडकतोय मॅडम.’

‘पासवर्ड?’

‘पोरीला ठावं न्हाई.’

‘तिचाच फोन आणि तिलाच ठाऊक नाही?’

मामा म्हणाले, ‘मॅडम, चौदा वर्सं या हापिसाची किल्ली माझ्याकडं हाय. पोरांच्या फियांची पेटी माझ्यासमोर मोजत्यात. कवा काय कमी झालंय का?’

‘तसं कुणी म्हटलेलं नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘पण भाऊसाहेबांनी लेखी दिलंय.’

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं. ऑफिसात कुजबुज होती, पण मूळ कागद माझा आहे हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी एकदम परक्या भाषेत बोलायला लागावं, तसं ते बघत राहिले. मी समोरच्या फाइलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

दोन दिवसांनी प्रस्ताव संस्थेकडे गेला. मॅडमनी मला सांगितलं, ‘त्यांचं नाव या वेळी राहू दे. उद्या काही निघालं तर आपल्यावर येईल.’ मीच ते नाव काढून पान पुन्हा टाइप केलं. मामांना संस्थेच्या येरवड्याच्या शाळेत फाटकावर पाठवलं. ‘योग्य ठिकाणी पाठवलं,’ माझे सहकारी म्हणाले. ‘तुरुंग चालत्या अंतरावर. पुढची सोय झाली.’ सगळे हसले, मीही हसलो. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच हलकं वाटलं होतं, म्हणूनही हसलो असेन.

ते हलकेपण नऊ दिवस टिकलं.

दहाव्या दिवशी दुपारी एक मुलगी ऑफिसात आली. हातावरची मेंदी फिकी झालेली, खांद्याला पर्स, हातात प्लास्टिकची पिशवी. बाकीचे जेवायला गेले होते.

‘भाऊसाहेब तुम्हीच ना? मी त्यांची मुलगी.’

मी खुर्ची दाखवली. ती बसली नाही. पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून तिने टेबलावर ठेवला. बिल होतं. मांजरीतल्या मोबाइलच्या दुकानाचं, तिच्या नावाचं, शिक्का मारलेलं. फोनच्या मागे असतो तो लांबलचक नंबरही त्यावर होता.

‘लग्नाच्या गडबडीत आईनं साड्यांच्या घडीत ठेवलं होतं. आणि पासवर्ड मला खरंच माहीत नव्हता, काका. फोन घेतला तेव्हा दुकानवाल्यानंच चालू करून दिला. खातंबितं त्यानंच काढलं. सगळ्यांना तोच काढून देतो. काल जाऊन भांडले, तेव्हा त्यानं वही काढली. माझ्या नंबरसमोर लिहिलेलं होतं. पासवर्ड सगळ्या गावाला एकच ठेवलाय त्या बाबानं. दुकानाचं नाव आणि एक दोन तीन.’ ती स्वतःच हसली. ‘अर्ध्या मांजरीचे फोन उघडता येतील आता मला. आहे का फोन तुमच्याकडे?’

होता. घरात नको म्हणून मी तो ऑफिसच्या कपाटात आणून ठेवला होता. मी माझ्या फोनवरून त्याला नेट दिलं. तिने उभ्याउभ्याच अक्षरं दाबली. पडदा एकदा फिरला आणि उघडला. तिने तिचं खातं काढून टाकलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

‘बसला विश्वास?’

‘विश्वासाचा प्रश्न नव्हता हो,’ मी म्हणालो. असं मी म्हणालो.

‘पप्पा जेवत नाहीत धड. येरवड्याला दोन बस बदलून जातात. तिथल्या शिपायांना आधीच कळलंय सगळं, पप्पांसमोर पाकीट खिशात दाबून धरतात, मुद्दाम.’ मग तिने मॅडमच्या केबिनकडे बघितलं. ‘मॅडमना भेटते ना मी. बिल दाखवते.’

केबिनचं दार लोटलेलं होतं. आत मॅडम होत्या. पंख्याचा आवाज बाहेर येत होता.

‘मॅडम मीटिंगला गेल्यात,’ मी म्हणालो. ‘तुम्ही कशाला थांबता उन्हातान्हाच्या. ठेवा माझ्याकडे. मी स्वतः देतो, सगळं सांगतो.’

‘नक्की ना काका?’

‘नक्की.’

ती वाकून नमस्कार करून गेली. जाताना म्हणाली, ‘तुम्ही सांगितलं तर ऐकतील त्या. पप्पा म्हणतात, भाऊसाहेब लिहितात ते पक्कं असतं.’

मी ते बिल का दिलं नाही? त्या दिवशी उत्तर सोपं होतं: जेवायला गेलेले परत येत होते, त्यांच्यासमोर नको, उद्या देऊ. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनपर्यंत गेलो आणि दुसऱ्याच कागदावर सही घेऊन आलो. बिल पुढे केलं की आधीचा कागद खोटी तक्रार ठरणार होता, आणि त्यावर सही माझी, नोंद माझ्या हातची. ‘भाऊसाहेब, तुम्ही आधी शहानिशा नाही केलीत?’ असं मॅडम विचारणार, आणि शेजारच्या टेबलावरचे ते वर्षभर पुरवून खाणार. प्रस्ताव जाऊन आठवडा झाला होता, पण नाव दुरुस्त करायचं पत्र पाठवता आलं असतं. मला त्याचा नमुनासुद्धा माहीत होता. महिनाभर ते पत्र मी मनात लिहीत राहिलो. मग संस्थेकडून मंजुरी आली. इतर दोघे कायम झाले. त्यांनी पेढे वाटले. मी एक खाल्ला.

फोन मुलीने वापरला. चांगला चालला. ‘बाबा, कसा उघडला?’ तिने विचारलं. दुकानदाराची चूक होती म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, ‘बघा, पावती असली की असं.’

तेव्हापासूनची भीती आधीच्या भीतीसारखी नाही. पोलिसांची भीती वाटायची तेव्हा निदान दार लावून घेता येत होतं. आता येरवड्याच्या शाळेचा नंबर ऑफिसच्या फोनवर दिसला की मी सहकाऱ्यांना उचलायला सांगतो. संस्थेचं स्नेहसंमेलन असलं की मला ताप येतो, खरोखर येतो, बायकोने थर्मामीटर लावून बघितलाय. नोंदवही तपासायला ऑडिटवाले आले की त्या पानावर त्यांचं बोट थांबतं का, हे मी लांबून बघतो. कधी थांबलं नाही. कुणाला काय पडलंय.

मामा एकदाच भेटले. पुढच्या वर्षी, इथल्या नोकरीचा दाखला न्यायला आले होते. केस एकदम पांढरे. ते पहिल्यासारखंच दाराशी उभे राहिले, आत या म्हटल्यावर आत आले.

‘पोरगी आली होती नव्हं? बिल दिलं नव्हं मॅडमना?’

‘दिलं,’ मी म्हणालो.

‘मग काय म्हणाल्या?’

‘आता वरच्या हातात आहे, मामा. बघू म्हणाल्या.’

त्यांनी मान हलवली. ‘तुम्ही तुमच्या परीनं केलं. मी घरात म्हणालो, भाऊसाहेबांवर राग नका धरू. त्यांनी फोन बंद निघाला म्हणून लिहिलं, मग बिल आल्यावर नीट करायला गेलं. वरचेच ऐकत नसतील.’ निघताना त्यांनी माझ्या मुलीच्या बारावीचं विचारलं. फोन चालतोय का, तेही विचारलं. चालतोय म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं, ते दिसलं.

त्या दिवशी मी लवकर घरी आलो आणि बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसलो. बायकोने दार वाजवून विचारलं, ‘अहो, बरं वाटत नाही का?’ तिला तेव्हा सांगता आलं असतं. ‘पोट,’ मी म्हणालो.

मामांना अजून दीड वर्ष नोकरी आहे. हंगामीच आहेत. पुढच्या महिन्यात संस्था पुन्हा एकदा नावं मागवणार आहे, आणि येरवड्याच्या शाळेकडून त्यांचं नाव जाईल की नाही, ते त्यांच्याबद्दल तिथे काय बोललं जातं यावर ठरेल. जे बोललं जातं, ते माझ्या अर्ध्या पानावरून सुरू झालेलं आहे. मॅडम आमच्याकडेच आहेत. शेजारच्या टेबलावरचेही तिथेच आहेत. बिल माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, त्यावरचा शिक्का अजून वाचता येतो.

मामांचं मी एवढं देणं लागतो: मॅडमसमोर आणि सगळ्या ऑफिससमोर उभं राहून सांगणं, की फोन त्यांच्या मुलीचाच होता, बिल माझ्याकडे तेव्हाच आलं होतं, आणि मी ते दिलं नाही. आणि येरवड्याला जाऊन हेच मामांना तोंडावर सांगणं. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.